मी, कामगार कचेरीची चौथी पायरी

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि आत्ता हे सांगत असताना माझ्या डाव्या कोपऱ्यावर कुणाची तरी थुंकी वाळते आहे. स्वतःची कथा सांगणाऱ्याने आधी आपला जन्म सांगावा अशी रीत आहे. पण अंगावर घाण असताना जन्माचे कौतुक कुठून सुचणार? म्हणून आधी घाणीचेच सांगितले.

एका कामगार कचेरीच्या दारात सात पायऱ्या आहेत. खालून मोजलेत तर चौथी पायरी म्हणजे मी. येणारे माझ्या कडेवर बुटाचा चिखल खरवडतात. जाणारे घसा खाकरतात. आत ज्याचे काम झाले नाही, त्याची साहेबासमोर ब्र काढायची छाती होत नाही. तो बाहेर येऊन माझ्यावर थुंकतो. मला माणसांचा वीट आला आहे. दगडालाही वीट यावा, यावरून काय ते समजा.

आता जन्म. माझा जन्म वाळूत झाला. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठेतरी एक डोंगर होता. ऊन, वारा आणि पाणी यांनी त्याला कुरतडून कुरतडून खाल्ले. त्यातले मऊ होते ते चिखल होऊन वाहून गेले. उरले ते गारगोटीचे कण. नदीने ते कण लोळवत आणले आणि एका उथळ पात्रात अंथरले. थरावर थर चढत गेले. वरच्या ओझ्याने खालचे दबले. मग जमिनीतून पाणी झिरपत आले. त्या पाण्यात गारगोटीच विरघळलेली होती. ती कणाकणांमधल्या फटींत बसली आणि तिथेच घट्ट झाली. माझ्या काही भाऊबंदांचे कण मातीने जोडले गेले. ते नखाने खरवडले तरी भुगा होतात. मला मात्र गारगोटीनेच सांधले. म्हणून मी कठीण झालो. अंगात थोडा लोखंडाचा गंज मिसळला, म्हणून माझा रंग मधासारखा आहे. लोक मला वालुकाश्म म्हणतात. खाणीतली माणसे नुसते ‘कडक वाळूचा’ म्हणत.

त्या कडकपणाचा मला फार अभिमान होता. आमच्या खाणीतला दगड ओला झाला तरी त्यावरून पाय घसरत नाही. त्यावरून लाखो पावले गेली तरी तो सहजी झिजत नाही. आमच्याच थरातले काही दगड पुलाच्या खांबांत गेले आणि अजून पुराच्या पाण्यात उभे आहेत. काही रस्त्याच्या कडेला लागले, काही एका पावभट्टीचा उंबरा झाले. एक चपटा तुकडा सुताराने पटाशीला धार लावायला नेला. हा कडकपणा कुणाच्या छातीत जाऊन बसेल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर मी खरे मानले नसते.

मला घडवणाऱ्या कारागिराला सगळे ‘सावकाश’ म्हणत. त्याचे काम सावकाश, बोलणे सावकाश, जेवणही सावकाश. त्याच्या लग्नात तोच सगळ्यांत शेवटी पोचला, असे आमच्या दगडाच्या कारखान्यात सांगत. खरेखोटे कोण जाणे; तो हसे, पण नाही म्हणत नसे. त्याची बायको त्याच कारखान्यात घोटाईचे काम करी, म्हणजे घडवलेला दगड घासून सपाट करी. तिला लहानथोर सगळे वहिनी म्हणत. ती नवऱ्याच्या अगदी उलट. तो एक शब्द जुळवेपर्यंत तिची चार वाक्ये होऊन जात.

मी खाणीतून आलो तेव्हा सावकाशने माझ्यावर पाणी शिंपडले आणि मी वाळेपर्यंत तो समोर बसून राहिला. दगड वाळताना त्याचे थर दिसतात. नदीने मला जसे आडवे अंथरले होते, तसेच आडवे बसवले तर मी टिकणार. उभा बसवला तर माझे पापुद्रे सुटणार. हे त्याने ओळखले, खडूने वरच्या अंगाला खूण केली आणि मग छिन्नी लावली. अकरा दिवस तो माझ्यावर काम करत होता. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नकोच होते. पण त्या अकरा दिवसांत कुणीतरी मला नीट पाहिले, एवढे मात्र खरे. तसे पुन्हा कुणी पाहिले नाही.

पायऱ्या तयार झाल्या, पण कचेरीचे बांधकाम रखडले. तीन वर्षे आम्ही सातही जण कारखान्याच्या भिंतीला टेकून पडून होतो. त्यामुळे तिथे काय घडले ते मला पाहावे लागले.

मालकाने विजेवर चालणारी चाके आणली. त्या चाकांवर दगड कापला जाई आणि घासलाही जाई. सावकाशला एका पायरीला अकरा दिवस लागत, तेच काम चाक दुपारपर्यंत उरकी. प्रत्येक चाकावर पाण्याची बारीक धार सोडणारी एक नळी होती. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने निक्षून सांगितले होते की पाण्याशिवाय चाक फिरवू नका. पहिले चार महिने पाणी होते. मग मालकाला चिखलाचा कंटाळा आला. ओल्या दगडाचा रंग गडद दिसतो, गिऱ्हाईक फसवणूक समजते. चिखलाने बूट भरतात. दगड वाळेपर्यंत गाडी खोळंबते. एके सकाळी त्याने मुख्य तोटी बंद करून तिला कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली.

त्या दिवसापासून छपराखाली जे उडू लागले, ते आठवले की मला आजही शिसारी येते. ते पीठ नव्हते, धूर नव्हता. तो मीच होतो. माझ्याच जातीचा दगड इतका बारीक होऊन उडत होता की खाली बसायचे नाव घेत नव्हता. माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. डब्यातली भाकरी दाताखाली करकरू लागली. वहिनी घरी जाताना केस झटकी तेव्हा तिच्याभोवती ढग उभा राही. मालक आठवड्यातून एकदा येई, दारातूनच बघे आणि जाई. आत पाऊल टाकत नसे. का टाकत नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि ठाऊक असूनही किल्ली त्याच्याच खिशात होती. मित्रांनो, अज्ञानाची मला कीव येते. या जाणतेपणाची किळस येते.

तिसऱ्या वर्षी आम्हाला गाडीत घालून इथे आणले आणि गवंड्याने ओळंबा लावून बसवले. खडूची खूण पाहून मला बरोबर आडवा ठेवला, तेवढे उपकार त्याचे. उद्घाटनाला कारखान्याचा मालक आला होता. माझ्यावरच उभा राहून तो म्हणाला की हा दगड म्हणजे निसर्गाची शुद्ध देणगी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घडवणाऱ्याचे नाव कुणी काढले नाही. ते मी मनाला लावून घेतले नाही. दगडाच्या नशिबी हेच असते.

पुढची पाच वर्षे मला कारखान्याची काही खबर नव्हती. एके दिवशी ओळखीची पावले आली. एक भरभर येणारे, एक थांबत थांबत. सावकाश आणि वहिनी. त्याला मी चटकन ओळखले नाही. खांदे वर ओढलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, प्रत्येक श्वास जणू विहिरीतून शेंदून काढतो आहे. पहिली पायरी चढून तो थांबला. दुसरी चढून थांबला. चौथीवर आला आणि माझ्यावरच बसला. वर अजून तीन पायऱ्या होत्या. त्या सात पायऱ्या त्याने स्वतःच्या हातांनी घडवल्या होत्या, आणि त्या त्याला चढवेनात.

वहिनी त्याला तिथे बसवून आत गेली. खिडक्या माझ्या डोक्यावरच असल्यामुळे आतले बोलणे मला ऐकू येते. ती निरीक्षक बाईंना सांगत होती की छपराखालचे चौघे याच खोकल्याने गेले, पाचवा तिचा नवरा आहे, आणि अजून तेवीस माणसे त्याच धुळीत उभी आहेत. तिच्या मागण्या दोनच होत्या. तोटीचे कुलूप काढावे, आणि नवऱ्याच्या दाखल्यावर आजाराचे खरे कारण लिहावे. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यावर लिहिले होते, ‘कारण: धूम्रपान.’ सावकाशने जन्मात विडीला हात लावला नव्हता. शेजारी कुणी ओढली तरी त्याला शिंका येत.

निरीक्षक बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी तारीख दिली. त्या तारखेला मालक आला नाही. दुसरी तारीख दिली. त्या दिवशी मालक आणि डॉक्टर दोघेही आले, पण वहिनीला बोलूच दिले नाही. परत जाताना दोघे माझ्यावर थांबले. डॉक्टर हळूच म्हणाले की छातीचे चित्र काढायला लावले तर पंचाईत होईल. मालक म्हणाला, लावणार कोण? आणखी दोन तारखा पडल्या की पेशंटच राहणार नाही. मग त्याने घसा साफ केला आणि माझ्यावर थुंकला.

त्या दिवशी मला तोंड असते तर मी ओकलो असतो. सावकाश पलीकडे भिंतीला धरून उभा होता. त्याने ऐकले की नाही, मला कळले नाही. वहिनी बाहेर आली, तिला ती थुंकी दिसली. पाण्याची बाटली काढून तिने मला धुतले, फडक्याने पुसले आणि नवऱ्याला घेऊन गेली.

तिसऱ्या तारखेला ती सावकाशला घेऊन आली तेव्हा तिच्या पिशवीत छिन्नी होती, हातोडा होता आणि झाकणाची बादली होती. शिपायाने पिशवीत काय आहे म्हणून विचारले. ती म्हणाली, पुरावा आहे. शिपायाने तिला आत सोडले.

आत नेहमीचेच चालले होते. मालक शांत आवाजात समजावत होता. नाकाने कांदे सोलण्यात तो पटाईत होता. वाळू काय विष आहे का, मुले वाळूत खेळतात, लोक सुट्टीत वाळूवर जाऊन लोळतात, असे त्याचे म्हणणे. डॉक्टर मान हलवत होते. वहिनीने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “बाई, सगळ्यांनी पाच मिनिटं बाहेर पायरीवर येता का? मला बोलून सांगता येत नाही, करून दाखवते.”

मालक म्हणाला की ही कचेरी आहे, बाजार नव्हे. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या उठल्या. मग बाकीच्यांना उठावेच लागले.

दुपार कलली होती. खांबांमधून ऊन तिरपे येऊन माझ्यावर पडले होते. बाई, मालक, डॉक्टर आणि दोन कारकून वरच्या पायऱ्यांवर उभे राहिले. वहिनीने पायरीवर बसलेल्या सावकाशला हात धरून खाली नेले आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसवले. परत येऊन ती माझ्यापाशी गुडघे टेकून बसली. आधी तिने बादलीचे झाकण काढले.

पलीकडून सावकाशचा आवाज आला. एकेक शब्द सुटा सुटा. “पाणी आधी नको. आधी कोरडं दाखव.”

तिने छिन्नी माझ्या उजव्या कडेला लावली आणि घाव घातला. मला दुखले नाही. मी वाट बघत होतो. चार घाव, दहा घाव, वीस घाव. तिचा हात घोटाई करणाऱ्याचा, छिन्नीला सरावलेला नव्हता; दोनदा हातोडा बोटावर बसला. तरी ती थांबली नाही. माझी कड भुगा होऊन उडू लागली. सावली असती तर कुणाला काही दिसले नसते. पण त्या तिरप्या उन्हात ती धूळ उभी राहिली, सोन्यासारखी चमकत, आणि वर वर चढत त्या सगळ्यांच्या तोंडापर्यंत गेली. खाली बसेना. कारकून शिंकला. डॉक्टर दोन पायऱ्या मागे सरले. आणि मालकाने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

वहिनीने हात थांबवला. तिने वर पाहिले. निरीक्षक बाईंनी विचारले,

“रुमाल कशाला लावलात?”

मालकाचा हात तसाच नाकावर राहिला. रुमाल खाली घ्यावा तर धूळ नाकात जाणार. तसाच ठेवावा तर सगळे उघड होणार. त्याचा हात दगडाखाली सापडला होता, आणि तो दगड मी होतो. माझ्या उभ्या आयुष्यात मला स्वतःबद्दल इतका आनंद कधी झाला नव्हता.

“ही नुसती छिन्नी आहे, बाई,” वहिनी म्हणाली. “चाक याच्या शंभरपट उडवतं. आणि आम्ही पाच मिनिटं नाही, नऊ तास उभे असतो.”

मग तिने बादलीतले पाणी माझ्या कडेवर ओतले आणि पुन्हा वीस घाव घातले. पिवळा चिखल ओघळला, खालच्या पायरीवर ठिबकला. उन्हात काही उडाले नाही. ऊन नुसतेच माझ्यावर पडून राहिले.

बाई आत गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायला घेतले. मालकाने रुमाल लावल्याचेही त्यांनी लिहिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले तेव्हा मी ऐकले. सावकाशच्या छातीचे चित्र दुसऱ्या डॉक्टरांकडून काढायचा हुकूम झाला. चाके त्याच दिवशी थांबवली गेली आणि तोटीचे कुलूप निघाल्यावरच चालू झाली.

दीड महिन्याने दोघे नवा दाखला घ्यायला आले. या वेळी सावकाश दुसऱ्या पायरीपर्यंतच चढला. दाखल्यावर दोन शब्द खरे लिहिले होते, ‘दगडाची धूळ’. वहिनीने ते त्याला वाचून दाखवले. त्याने कागद उन्हाकडे धरून पाहिला आणि त्याची नीट घडी घातली, हळूहळू, कडेला कड जुळवून. मग त्याने विचारले,

“चिखल होतो का गं आता?”

“घोट्यापर्यंत,” ती म्हणाली. “चपला रुततात.”

तो हसला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसला. सात महिन्यांनी तो गेला. हे मला शिपायाच्या बोलण्यातून कळले. वहिनी त्यानंतर कचेरीत आली नाही. तिचे इथे काही काम उरले नव्हते.

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. असे म्हणणाऱ्याने खाण पाहिलेली नसते. मी पाण्यातूनच घट्ट झालो आहे. पाणी माझ्या आत आहे. आणि हेही सांगून टाकतो की त्या चौघांची आणि सावकाशची छाती ज्याने भरली तो मालकाचा लोभ जसा होता, तसा मीही होतो. लोभाने नेले, पण आत जाऊन बसलो मी. ज्या कडकपणाचा मला गर्व होता, त्यानेच हे केले. मला लोकांच्या थुंकीपेक्षा याची किळस जास्त येते, आणि ती कुठल्याही पाण्याने धुतली जात नाही.

त्यानंतरच्या वर्षांत माझे पुष्कळ हाल झाले. कुणी कठड्यासाठी माझ्यात भोके पाडली. कुणी वहिनीने फोडलेल्या कडेवर सिमेंट थापले. एका समारंभासाठी मला तांबडा तेलरंग फासला. आतली ओल बाहेर पडेना आणि माझे पापुद्रे सुटू लागले. त्यावर एक साहेब म्हणाले की दगडच हलका आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ऐकून घेतले.

पण गेल्या आठवड्यात जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कचेरीच्या फाटकाशी नव्या फरश्या बसवायचे काम चालू आहे. दोन माणसे हातातल्या चाकाने दगड कापत आहेत. कोरडाच. तोंडावर फडकेसुद्धा नाही. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. ढग पायऱ्या चढून वर आला तेव्हा कचेरीतल्या लोकांच्या ते लक्षात आले. कामगारांच्या जिवाची काळजी वाहण्याचा पगार घेणारी ती माणसे. त्यांनी खाली वाकून पाहिले, नाक मुरडले, आणि एकामागून एक सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. थुंकलात तरी मी आणखी हजार वर्षे सोसेन; मी कडक वाळूचा आहे. माणूस कडक वाळूचा नसतो. तुमच्या घरासमोर, शाळेसमोर कुणी दगड कोरडा कापत असेल आणि धूळ तुमच्यापर्यंत आली, तर खिडकी लावू नका. घरातल्या मोठ्या माणसांना हाक मारा आणि त्यांच्याबरोबर खाली जा. जाताना बादली भरून न्या.